कानशीच्या खुणा फाईलमध्ये: आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोर्टफोलिओवरून कौशल्य कसं तपासावं

वार्षिक परीक्षा आटोपली की वर्कशॉपमधलं लोखंडी कपाट उपसायचं काम येतं. मुलांनी सरावाला बनवलेले वर्षभराचे जॉब त्यात रचलेले असतात: चौकोनी फ्लॅट, एकमेकांत बसणाऱ्या जोड्या म्हणजे स्टेप फिटिंग आणि टी फिटिंग, ड्रिल आणि टॅप केलेल्या (भोक पाडून आत आटे कापलेल्या) प्लेटा. काही वर्षांपूर्वी असंच कपाट रिकामं करताना एकाच रोल नंबरचे दोन फ्लॅट माझ्या हाती लागले. एक पहिल्या महिन्यातला, दुसरा वर्ष संपतानाचा. कुठला आधीचा हे कळायला मी ते खिडकीशी नेऊन उजेडात तिरके धरले. एकावर कानशीच्या खुणा वाकड्यातिकड्या होत्या आणि मधे पोट राहिलं होतं. दुसऱ्यावर त्याच खुणा एका अंगाने, सरळ, कडेपर्यंत गेलेल्या. रजिस्टर काढून पाहिलं तर त्या मुलाच्या नावापुढे पहिल्या जॉबला ७८ आणि शेवटच्याला ८१. त्या पोराचा हात कुठून कुठे आला होता, आणि माझ्या नोंदीत त्याचे तीन गुण झाले होते. दोन्ही फ्लॅट त्याच संध्याकाळी भंगारात जाणार होते.

त्या वर्षापासून मी फिटरच्या (धातूचे भाग मापात घासून जुळवायचं शिकणाऱ्या) तुकडीसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे प्रत्येक मुलाच्या कामाच्या पुराव्यांची फाईल, मनावर घेऊन ठेवायला लागलो. हा लेख माझ्यासारख्या निदेशकांसाठी (इन्स्ट्रक्टरांसाठी) आहे, आणि अकरावी-बारावीचे व्यावसायिक वर्ग, पॉलिटेक्निक किंवा शिवणकाम-वायरिंगचे छोटे वर्ग चालवणाऱ्यांसाठीही. उदाहरणं फिटर ट्रेडची आहेत, कारण माझा हात त्यात बसलेला आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या: हे काम नवं नाही

आयटीआय ज्याखाली चालतात ती शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून चालू आहे आणि तिच्या आजच्या अभ्यासक्रमात प्रत्येक प्रशिक्षणार्थीचा स्वतंत्र पोर्टफोलिओ संस्थेने ठेवावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रशिक्षण महासंचालनालयाच्या पुस्तिकेत पुराव्यांची यादीही दिली आहे: वर्कशॉपमध्ये केलेला जॉब, रेकॉर्ड बुक किंवा रोजची डायरी, उत्तरपत्रिका, तोंडी परीक्षा, प्रगती तक्ता, हजेरी, असाइनमेंट, प्रोजेक्ट. पुढची परीक्षा होईपर्यंत हे पुरावे पडताळणीसाठी जपून ठेवायचे असतात. प्रॅक्टिकल आणि अंतर्गत मूल्यमापन या दोन्हींत उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, बाकीच्या विषयांना ३३ टक्के पुरतात. म्हणजे हाताच्या कौशल्याला योजनेने सगळ्यात जास्त वजन दिलं आहे.

अडचण आपल्याकडे येते ती भरण्याच्या वेळेला. वर्षभर कामाच्या रेट्यात राहून जातं आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात वीस डायऱ्या एकाच निळ्या पेनाने पूर्ण होतात. मीही तसं केलं आहे. त्या डायरीत सगळं असतं, फक्त मुलगा नसतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे: ज्या दिवशी कानस चालली त्याच दिवशी नोंद व्हावी, आणि ती त्याच्या हाताने व्हावी.

पायरी १: जॉब मोजू नका, कौशल्यं निवडा

पोर्टफोलिओ म्हटलं की पहिली चूक होते ती सगळंच त्यात घालण्याची. वर्षाला प्रत्येक मुलाचे ढीगभर सराव होतात. सगळे फाईलला लावले तर कुणीच वाचणार नाही, आपणही नाही. अभ्यासक्रमातली अध्ययन निष्पत्ती (शिकून मुलाला काय करता यायला हवं ते) समोर घ्या आणि वर्षाला आठ ते दहा पुरावे ठरवा. फिटरच्या पहिल्या वर्षासाठी माझी यादी साधारण अशी असते: कानशीने सपाटपणा आणि काटकोन, मार्किंग आणि पंचिंग, हॅक्सॉ कटिंग, ड्रिलिंग-टॅपिंग, पत्र्याचं एक काम, वेल्डिंगचा एक जोड, स्टेप किंवा टी फिटिंग, लेथवर स्टेप टर्निंग, आणि एखाद्या साध्या यंत्राची देखभाल.

प्रत्येक पुराव्यापुढे मापाची मर्यादा आधीच लिहून ठेवा. मूलभूत फिटिंग कामाला अभ्यासक्रम अधिक-उणे ०.२५ मिलिमीटर मागतो. जोडाच्या फिटिंगला तीच मर्यादा अधिक-उणे ०.०४ मिलिमीटर आणि कोनाला ३० मिनिटं इतकी घट्ट होते. ०.२५ वरून ०.०४ वर येणं हाच पहिल्या वर्षाचा खरा प्रवास आहे, आणि तो फाईलमध्ये दिसला पाहिजे. त्यामुळे कानशीचा पुरावा मी दोनदा घेतो, एकदा पहिल्या महिन्यात आणि एकदा शेवटी, तोच फ्लॅट, तीच मापं. दुसरं कुठलंही पान राहिलं तरी चालेल, ही दोन राहता कामा नयेत.

पायरी २: एका पुराव्याचं पान कसं असावं

एक जॉब म्हणजे एक कागद, फार तर पाठपोट. वरती ड्रॉइंग, मुलाने स्वतः काढलेलं, मापांसकट. त्याखाली काम सुरू करण्याआधी लिहिलेला कामाचा क्रम. 'आधी' हा शब्द मी मुद्दाम लिहितोय. जॉब झाल्यावर लिहिलेला क्रम नेहमी बरोबरच असतो, कारण तेव्हा उत्तर हातात असतं. आधी लिहिलेल्या क्रमात मुलगा आधी ड्रिल करतो आणि मग डेटम बाजू (जिच्यापासून सगळी मापं घ्यायची ती) घासायला घेतो. तिथेच कळतं की त्याला संदर्भ बाजू म्हणजे काय ते उमगलेलं नाही. अशी चूक खोडू देऊ नका. शेजारी लाल पेनाने नवा क्रम लिहायला सांगा, जुना तसाच दिसू द्या.

मग येतो मापांचा तक्ता, आणि सगळ्या पोर्टफोलिओत माझा जीव ज्यात आहे तो हाच. त्यात चार रकाने असतात: ड्रॉइंगचं माप, मुलाने मोजलेलं माप, माझं माप, फरक. नियम एवढाच की मुलाने आपला रकाना पेनाने भरल्याशिवाय जॉब माझ्याकडे आणायचा नाही. मी मोजल्यावर त्याला स्वतःचा आकडा बदलता येत नाही.

यातून काय हाती लागतं ते एका प्रसंगावरून सांगतो. टी फिटिंगचा जॉब होता. खाचेत बसणाऱ्या, म्हणजे पुरुष भागाच्या दांड्याची रुंदी ड्रॉइंगप्रमाणे २० मिलिमीटर.

"सर, वीसला जरा जास्त येतंय. वीस पॉइंट शून्य सहा. अजून घासू का?"

"थांब. बर काढलीस का कडेची?"

तो जॉबकडे बघायला लागला. कडेला केसाएवढी बर, म्हणजे घासताना राहिलेली धातूची धार, उभी होती आणि व्हर्नियरचा (मोजायच्या कॅलिपरचा) जबडा तिच्यावर टेकत होता. बारीक कानशीने दोन्ही कडा मारल्या, फडक्याने पुसलं आणि परत मोजलं तर १९.९८. जॉब मर्यादेत होता. तो घासत बसला असता तर दोनच हात जास्त लागून १९.९४ झाला असता आणि फिटिंग ढिली पडली असती. तक्त्यात त्याचा २०.०६, माझा १९.९८, फरक ०.०८ असा राहिला. शेजारी त्याने लिहिलं: 'बर न काढता मोजलं.' या मुलाचा हात चांगला आहे, मोजण्याची शिस्त कच्ची आहे, हे त्या एका ओळीत आलं. जॉबच्या गुणांत ते कधीच आलं नसतं.

असे फरक दहा जॉबवर साठत गेले की प्रत्येक मुलाचा एक नमुना दिसतो. कुणाचा फरक दरवेळी एकाच दिशेला असतो: तो व्हर्नियर बंद करून शून्य बघतच नाही. कुणाचा फरक कधी इकडे कधी तिकडे: जबडा तिरका धरतो किंवा अंगठ्याने फार दाबतो. कुणाचा फरक फक्त खाचेच्या आतल्या मापाला: आतले जबडे लावायची सवय नाही. ०.०२ मिलिमीटर अल्पतम माप असलेल्या (म्हणजे त्याहून बारीक मोजता न येणाऱ्या) व्हर्नियरवर दोघांच्या मोजमापात ०.०२चा फरक मी सोडून देतो, त्यापुढचा बोलायला घेतो. आणि वर्षअखेरीस ज्याचं माप माझ्या मापाशी जुळतं त्याच्या हाती कंपनीतला इन्स्पेक्शनचा टेबल निर्धास्त देता येईल, असं मला वाटतं.

काटकोन आणि सपाटपणा व्हर्नियरच्या आकड्यात येत नाहीत. ते ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून उजेडात बघायचे. तिथे मी मुलाला फट कुठे दिसते ते छोट्या आकृतीत दाखवायला सांगतो: डाव्या टोकाला, मधे, की दोन्ही टोकांना. दोन्ही टोकांना फट म्हणजे मधे पोट, म्हणजे कानस डोलते आहे, म्हणजे सुरुवातीला उजवा हात खाली जातोय आणि पुढे जाताना डावा. फट बघून उभं राहण्याची पद्धत सुधारता येते, म्हणून ती आकृती पानावर हवी.

पानाच्या शेवटी चार-पाच ओळी मुलाच्या शब्दांत, आणि एक छोटा रकाना 'मदत' नावाचा. त्या रकान्याचं पुढे सांगतो.

पायरी ३: फोटो

प्रत्येक जॉबचे तीन फोटो पुरतात: मार्किंग झाल्यावर, अर्ध्यात, आणि पूर्ण झाल्यावर. फक्त पूर्ण झालेल्या जॉबचा फोटो हा लग्नाच्या अल्बमसारखा असतो, सगळे हसरे. मार्किंगचा फोटो सगळ्यात बोलका. पंचाचे ठिपके रेषेवर बसलेत की बाजूला, एवढ्यावरून पुढच्या चार तासांचं भविष्य कळतं.

फोटो घेताना जॉबवरचा रोल नंबर आणि शेजारी स्टीलपट्टी दिसली पाहिजे. पृष्ठभाग दाखवायचा असेल तर उजेड एका बाजूने, तिरका घ्यावा, नाहीतर कानशीच्या खुणा पुसल्यासारख्या होतात आणि सगळे फ्लॅट सारखेच चकचकीत दिसतात. कानशीच्या दातांत बुरा अडकून आलेला खोल ओरखडा असेल तर तो झाकू नका. तो ओरखडा म्हणजे फाईल कार्डने (कानस झाडायच्या तारेच्या ब्रशने) कानस साफ केली नाही याची सही आहे.

मोबाईलबद्दल मी कडक आहे. मशीन चालू असताना कुणाच्या हातात फोन नको. वर्कशॉपचा एकच फोन किंवा टॅब, तो निदेशकाच्या टेबलावर, आणि जॉब तिथे आणून फोटो. लेथवरचा जॉब असेल तर मशीन पूर्ण थांबल्यावरच. मुलींचे, मुलांचे चेहरे फोटोत घ्यायची काही गरज नसते, हात आणि जॉब दिसले की झालं. आणि हे फोटो तुकडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नयेत. ज्याचा जॉब बिघडला आहे त्याला दुसऱ्या दिवसापासून बिघडलेलं पान लपवावंसं वाटतं, आणि मग पोर्टफोलिओचा उपयोगच संपतो.

पायरी ४: मुलाचे स्वतःचे शब्द

'माझा जॉब व्यवस्थित झाला. सरांनी छान मार्गदर्शन केले.' पहिल्या महिन्यात वीसपैकी अठरा पानांवर हेच येतं. मुलांचा दोष नाही. शाळेत दहा वर्षं त्यांना असंच लिहायला लावलेलं असतं.

मी तीन प्रश्न देतो. कुठे अडलास? तेव्हा काय केलंस? परत केलास तर काय वेगळं करशील? आणि एक अट: उत्तरात निदान एक माप किंवा एका हत्याराचं नाव आलं पाहिजे. दोन महिन्यांनी त्याच मुलांच्या पानांवर असं वाचायला मिळतं: 'टॅप आत जाताना करकरला. जोर लावणार होतो. मग अर्धा आटा उलटा फिरवून बुरा मोडला आणि तेल टाकलं.' हे वाक्य मला दहा गुणांच्या प्रश्नोत्तरापेक्षा मोलाचं वाटतं, कारण जोर न लावणं हे टॅपिंगमधलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे. टॅप तुटला की जॉब जातो आणि टॅपही जातो.

भाषा मराठीच ठेवा, बाकड्यावर बोलतो तीच. हत्यारांची नावं वर्कशॉपमधलीच येऊ द्या. आदिवासी पाड्यावरून किंवा परप्रांतातून आलेल्या मुलांना लिहायला अवघड जातं. त्यांनी तोंडी सांगावं आणि आपण किंवा शेजारच्या मुलाने जसंच्या तसं लिहून घ्यावं. हस्ताक्षर, शुद्धलेखन आणि रंगीत बॉर्डर यांना माझ्या गुणतक्त्यात शून्य गुण आहेत, आणि हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहितो.

पायरी ५: गुण देताना 'मदत' मोजा

महासंचालनालयाची गुणांची चौकट तीन टप्प्यांची आहे. ६० ते ७५ टक्के: अधूनमधून मार्गदर्शन घेऊन स्वीकारण्याजोगं काम. ७५ ते ९०: थोड्याच मार्गदर्शनात चांगल्या दर्जाचं काम. ९० च्या वर: जवळपास मदतीशिवाय उच्च दर्जाचं काम. तिन्ही टप्प्यांत सुरक्षिततेची काळजी गृहीत आहे.

ही चौकट नीट वाचली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. टप्पे ठरतात ते मुख्यतः किती मदत लागली यावर. आणि आपण नेमकी तीच गोष्ट कुठेही लिहीत नाही! जॉब पूर्ण होऊन टेबलावर येतो तेव्हा त्याच्यामागे सर तीनदा बाकड्याशी जाऊन उभे राहिले होते की एकदाही नाही, हे जॉबवर कोरलेलं नसतं. म्हणून तो मदतीचा रकाना. मी बाकड्याशी गेलो की पानावर एक रेघ मारतो आणि शेजारी एक शब्द लिहितो: 'मार्किंग', 'डेटम', 'टॅप'. मी हातात कानस घेऊन दाखवलं तर रेघेवर गोल करतो. दहा सेकंदांचं काम. वर्षअखेरीस पहिल्या पानावर सात रेघा आणि शेवटच्या पानावर एक असेल, तर वाढ कशात झाली ते मुलालाही दिसतं आणि पडताळणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही.

एक सावधगिरी. रेघ म्हणजे शिक्षा असं मुलांना वाटलं तर ती विचारायचंच बंद करतील, आणि ग्राइंडरपाशी न विचारणारा मुलगा ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे. म्हणून सुरक्षिततेबद्दल विचारलेल्या प्रश्नाची रेघ मी मारत नाही, आणि हे त्यांना सांगून ठेवलं आहे.

शंभर गुणांची माझी वाटणी अशी: मापं आणि फिनिश ३०, कामाचा क्रम आणि हत्यारांचा वापर २०, स्वतःचं मोजमाप २०, सुरक्षितता १५, स्वतःच्या शब्दांतला खुलासा १०, बाकड्याची आवराआवर आणि कच्च्या मालाची बचत ५. ट्रेडप्रमाणे हे आकडे हलवा. मोजमापाचे २० मात्र शक्यतो काढू नका.

बिघडलेल्या जॉबचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. बिघडलेला जॉब पोर्टफोलिओत राहतो, त्याचे मापाचे गुण जातात, पण का बिघडला हे अचूक सांगितलं तर मोजमाप आणि खुलाशाचे गुण मिळतात. मुलाला तोच जॉब परत करायचा असेल तर दुसरं पान पहिल्याच्या मागे लागतं. पहिलं फाडायचं नाही.

पायरी ६: जॉब त्याचाच आहे ना?

उघडच बोलू. जॉबची अदलाबदल होते. मोठ्या भावाचा, मागच्या बॅचचा किंवा पुढच्या बाकड्यावरच्या हुशार मुलाचा जॉब घासून-पुसून आणला जातो. पोर्टफोलिओला गुण मिळायला लागले की हे वाढतं.

यावर दोन उपाय टिकाऊ ठरले. पहिला, कच्चा माल देतानाच त्यावर रोल नंबर आणि माझी खूण पंच करून देतो, घासल्या न जाणाऱ्या बाजूला. दुसरा उपाय पोर्टफोलिओच्या तोंडी परीक्षेचा. फाईल माझ्या हातात, मी मधलंच एक पान उघडतो आणि मुलाला त्यातलं एक छोटं काम समोर करायला लावतो. एम-१० चा टॅप मारलेला जॉब असेल तर विचारतो, ड्रिल कितीचं घेतलंस? ८.५, कारण आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ आहे, हे उत्तर पाठ असू शकतं. मग टॅप आणि हँडल देतो, भंगारातल्या प्लेटवर भोक तयार असतं, आणि सांगतो, पहिले दोन आटे घे. टॅप लावल्यावर तो दोन दिशांनी ट्राय स्क्वेअर धरून बघतो की सरळ फिरवायला लागतो, एवढं पाहिलं की मला पुरतं. दहा मिनिटांत एक मुलगा होतो.

पायरी ७: दुसऱ्या डोळ्यांनी तपासून घ्या

पोर्टफोलिओवरून गुण देण्यातली मोठी कमजोरी अशी की दोन माणसं एकाच फाईलला वेगवेगळे गुण देतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या गणित-लेखनासाठी राज्यभर पोर्टफोलिओ वापरले, तेव्हा तपासणाऱ्यांच्या गुणांचा मेळ फारच कमी बसतो असं रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसलं होतं. त्यांच्याकडे निबंध आणि गणितं होती. आपल्याकडे निदान मिलिमीटर आहेत, तरीही 'फिनिश' आणि 'हत्यारांचा वापर' या रकान्यांत आपणही तसेच घसरतो.

वर्षातून दोनदा पाच फाईली शेजारच्या टर्नर किंवा मशिनिस्टच्या निदेशकांकडे द्या, त्यांच्या पाच आपण घ्या. गुण एकमेकांना न दाखवता लिहा आणि मग समोरासमोर बसा. दहापेक्षा जास्त फरक आला की जॉब परत मोजायचा आणि बोलायचं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की नेहमी वेळेवर येणाऱ्या, नम्र मुलांना मी फिनिशमध्ये चार-पाच गुण जास्त देत होतो. मला ते कधी कळलंच नसतं. गटनिदेशकांना (आपल्या वरच्या निदेशकांना) यात घ्या, पण त्यांचा आकडा शेवटी ऐका. आधी ऐकला की आपला आकडा त्यांच्याकडे सरकतो.

वेळ कुठून आणायचा

तुकडीत २० मुलं, वर्षाला १० पुरावे, म्हणजे २०० पानं. एका पानाला सहा मिनिटं धरली तर २० तास. वर्षभरात २० तास निघतात, एका आठवड्यात निघत नाहीत. मी रोज शेवटच्या पाऊण तासात पाच-सहा मुलांची पानं जॉब समोर ठेवून बघतो. मुलगा उभा असतो, जॉब हातात असतो, पान तिथेच संपतं. घरी फाईली नेल्या की त्या तशाच परत येतात, हा अनुभव आहे.

साठवणीचंही इथेच सांगतो. साधी छिद्र पाडलेली ए-फोर फाईल, कपाटात रोल नंबरने लावलेली. फोटो एका ड्राइव्ह फोल्डरमध्ये, नाव ठरलेल्या पद्धतीने: वर्ष, रोल नंबर, जॉब. नेट नसलेल्या ठिकाणी पेनड्राइव्हच्या दोन प्रती. आधार क्रमांक, पत्ता, जात, पालकांचा फोन यांतलं काहीही पोर्टफोलिओत नको.

दुसऱ्या ट्रेडमध्ये

इलेक्ट्रिशियनच्या मुलाचं खरं काम बोर्डाचं झाकण लावल्यावर दिसेनासं होतं, म्हणून फोटो झाकण लावण्याआधीचा हवा, वायरींची टोकं आणि टर्मिनल दिसतील असा. मापाच्या तक्त्यात इन्सुलेशन रेझिस्टन्स आणि अर्थिंगची वाचनं येतील, तिथेही मुलाचं वाचन आधी, निदेशकाचं नंतर. शिवणकामात फोटो कापडाच्या उलट्या बाजूचा. सुलट बाजू इस्त्रीने सुधारते, उलट बाजूला टाक्याचा ताण, सोडलेली शिलाई आणि कच्च्या कडा तशाच राहतात. वेल्डरला जोड कापून किंवा वाकवून पाहिल्यानंतरचा तुकडा ठेवायला सांगा, वरून सुंदर दिसणारा मणी (वेल्डिंगची उठावदार रेघ) आत पोकळ निघालेला त्याने स्वतः पाहिला पाहिजे.

पोर्टफोलिओला जे जमत नाही

वेग. नेमून दिलेल्या वेळेत, अनोळखी परीक्षकासमोर, घाम फुटलेला असताना जॉब होतो का, हे फाईल सांगत नाही. त्याला प्रॅक्टिकल परीक्षाच लागते. सवयीही फोटोत येत नाहीत: ड्रिल मशीनवर जॉब हाताने न धरता व्हाइसमध्ये धरतो का, चक की (चक आवळायची किल्ली) काढून ठेवतो का, चष्मा कपाळावर आहे की डोळ्यांवर. सुरक्षिततेचे १५ गुण मी फाईल बघून कधीच देत नाही. ते मी वर्कशॉपमध्ये फिरताना, त्याच्या नकळत बघून वहीत टिपतो.

संस्थेबाहेर नेण्याची सहा पानं

संस्थेची फाईल संस्थेत राहते. मुलाबरोबर जाते ती तिच्यातून निवडलेल्या सहा पानांची पातळ फाईल. अप्रेंटिसशिप कायद्याखालच्या जागेसाठी चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव इथे मुलं मुलाखतीला जातात तेव्हा प्रमाणपत्र सगळ्यांकडे सारखंच असतं. व्यवसाय प्रमाणपत्राची जागा ही पानं घेत नाहीत, पण 'तुला नक्की काय येतं?' या प्रश्नावर मान खाली घालण्याऐवजी मुलाला पान उघडता येतं.

निवड मुलानेच करावी. मी एवढंच सांगतो की त्यात एक सगळ्यात चांगलं फिटिंग, एक मशीनवरचं काम, एक देखभालीचं काम असावं, आणि एक बिघडलेला जॉब त्याच्या कारणासकट. पालक या शेवटच्या पानाला हरकत घेतात. एका मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, सर, वाईट काम का दाखवायचं? तिने स्वतःच उत्तर दिलं. "बाबा, चांगला जॉब कुणीही दाखवेल. मला चूक सापडते, हे यातूनच कळतं." ती मुलाखतीहून परतली तेव्हा म्हणाली की शॉप सुपरवायझरने सहापैकी त्याच पानावर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, आणि मापांच्या तक्त्यातला दुसरा आकडा कुणाचा, हेही विचारलं.

मुलांना घरी सराव करायला सांगा. प्रत्येक पानावर दोन मिनिटं उभं राहून बोलायचं, मराठीत, आणि एकदा मोडक्यातोडक्या हिंदीतही, कारण शॉप फ्लोअरवर ती लागते.

सुरुवात कुठून करायची

यंदा दहा पुरावे जमणार नसतील तर तीन घ्या: पहिला फ्लॅट, एक फिटिंग, शेवटचा फ्लॅट. छापील नमुनाही नको, कोऱ्या कागदावर चार रकाने आणि मदतीचा एक चौकोन आखला की पुरतं. नवी तुकडी आली की पहिल्या जॉबपासून एवढं करा: फ्लॅट मोजून झाला की रोल नंबर नीट वाचता येतो का बघा, कडांची बर काढायला लावा, तेलाचा हात फिरवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यावर तारीख लिहा आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. शेवटचा फ्लॅट ज्या दिवशी पूर्ण होईल त्या दिवशी ती पिशवी मुलाच्या हातात द्या, आणि दोन्ही घेऊन त्याला खिडकीशी पाठवा.